दोन किल्ल्यांचं कपाट

परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई जिन्यात आडवे आले. हातात कामांची यादी, कपाळावर घाम. "मावशी, एक काम होतं. गरब्याचे स्पीकर आलेत. तुम्ही तळमजल्यावर राहता, शिवाय दाराला दोन-दोन कुलपं लावता. नऊ दिवस तुमच्या पुढच्या खोलीत ठेवले तर? तुमच्याकडून वस्तू हलायची नाही, अख्ख्या बिल्डिंगला माहिती आहे."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, कोपऱ्यात पडून राहतील."

"नाही म्हटलं ना! चोरीला गेले तर जाऊ देत. माझ्याकडे नकोत."

शहाभाईंना पटेना. जी बाई दूधवाल्याचं माप वीस वर्षं डोळे बारीक करून बघत आली, जी गॅसवाल्याने ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाही, ती म्हणते चोरीला गेले तर जाऊ देत? संध्याकाळी त्यांनी माझ्या सुनेला गाठून विचारलं म्हणे, मावशींची तब्येत बरी आहे ना?

तब्येत ठणठणीत आहे. ऑक्टोबर आलाय, एवढंच.

पाऊस आटपला की आमच्या बोरीवलीत एक विचित्र हवा सुरू होते. पहाटे नॅशनल पार्काच्या बाजूने थोडा गारवा येतो, अंगावर चादर ओढावीशी वाटते, आणि दहा वाजेपर्यंत तीच हवा तव्यासारखी तापते. गच्च्यांवर गाद्या पडतात, चार महिन्यांचा कुबट वास उन्हात उडून जातो. स्टेशनाबाहेर झेंडूचे ढीग लागतात. लोकांना या दिवसांत देवीची गाणी आठवतात, आपट्याची पानं आठवतात. मला आठवते थंडी. कुडकुडवणारी, बंद खोलीतली, विजेचा आणि शाईच्या रिबिनीचा वास असलेली थंडी. आणि त्या थंडीत स्वेटर घालून बसलेल्या आम्ही दोघी, मी आणि सुरेखा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. एका बाजूला रबराचा कारखाना, दुसऱ्या बाजूला रंगाचा, वारा फिरला की लांबून बिस्किटांचा गोड वास यायचा आणि सगळ्यांना एकदम भूक लागायची. तीन मजले. खाली गोदाम, मधल्या मजल्यावर कॉम्प्युटर जोडायचे, आणि वर आम्ही, त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारे. मी तिथे लागले तेव्हा आमच्या चाळीत कुणालाच सांगता येत नव्हतं की नलू नेमकं काय करते. आई शेजारणीला म्हणायची, "टायपिंगसारखंच असतं, पण एसीत."

कंपनी मध्यम होती. हे मध्यम प्रकरण फार वाईट. अगदी छोट्या जागी सगळे घरच्यासारखे असतात, भांडतात आणि विसरतात. मोठ्या कंपनीत कुणाला कुणाचं सोयरसुतक नसतं. आमच्याकडे दीडेकशे माणसं. म्हणजे प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा, आणि मनातलं मात्र काही कळत नाही. प्लायवुडची पार्टिशनं खांद्याएवढी, वर काच. माणूस काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही, पण बोलतोय हे दिसायचं. रेगे साहेबांच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरांच्या केबिनला पडदा होता. तो ओढला गेला की वरच्या मजल्यावरच्या सगळ्या माना तिकडे वळायच्या. कुणाचा राजीनामा? कुणाला अमेरिकेचं पत्र आलं? कोण समोरच्या कंपनीत चाललं? रस्त्यापलीकडे आमच्यासारखीच एक कंपनी होती, आमच्यासारखंच काम करणारी. तिच्या फाटकाशी आमचं कुणी उभं दिसलं की दुपारपर्यंत ती बातमी चहाबरोबर फिरायची. आमच्या फाटकावर वॉचमन संध्याकाळी पिशव्या उघडून बघायचा. डबासुद्धा. एकदा माझ्या डब्यातली उरलेली भेंडीची भाजी त्याने अशी निरखून बघितली, जणू तिच्याखाली कंपनीचं गुपित दडवलंय. मला राग आला नाही. उलट मनात म्हटलं, शहाणा माणूस आहे.

कारण मी मूळचीच संशयी. ते घरातूनच आलं. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आधी मालकाने शब्द दिला, मग पुढाऱ्याने दिला, मग मालकाच्या माणसाने परत दिला, आणि बाबा प्रत्येक वेळी विश्वास ठेवून घरी यायचे. शेवटी ते नुसते खिडकीशी बसायला लागले. कुणी हसून बोललं की म्हणायचे, "ह्याला काय पाहिजे असेल?" ते वाक्य मी उचललं. आजही कुणी विनाकारण गोड बोललं की माझ्या डोक्यात आधी तेच येतं.

सुरेखाबद्दल पहिल्या दिवशी हेच आलं होतं. ती मनोरीची. कोळ्यांची पोर, गावातली कॉम्प्युटरवर काम करणारी पहिली मुलगी. सकाळी होडीने खाडी ओलांडून मार्व्याला, तिथून बसने मालाडला, मग अंधेरी. एवढा प्रवास करून ती माझ्या आधी हजर असायची आणि वर हसून म्हणायची, "आलीस का बाई? चहा सांगितलाय तुझा." ह्याला काय पाहिजे असेल? काही नाही, तिला फक्त चहा प्यायला सोबत हवी होती. हे कळायला मला सहा महिने लागले. मग मात्र आमची गट्टी जमली. ती माझ्यापेक्षा हुशार होती. मी तीन पानांत लिहायचे ते ती एका पानात बसवायची आणि म्हणायची, "झकास ना?" झकासच असायचं. मला त्याचाही थोडा राग यायचा, आता कबूल करायला काय हरकत आहे.

आणि वासाचं. तिच्या डब्यात सुकी मासळी असायची. बंद एसीत तो वास जायचा नाही. आम्हीही कोकणातलेच, घरी आम्ही काय गवत खात नव्हतो. पण ऑफिसात मी नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूने बसायचे. तिने ते बघितलं असणार. मग ती जेवण झालं की साबण लावून दोन-दोनदा हात धुवायला लागली.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे आमचा गाभारा. चपला बाहेर काढायच्या. धूळ चालायची नाही, चहा चालायचा नाही. मशीन एक आणि वापरणारे बरेच. त्यामुळे दिवसभर केलेलं काम संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवायचं. फ्लॉपी म्हणजे वहीच्या अर्ध्या पानाएवढी काळी, लवचिक तबकडी, आणि आमचा दिवसाचा सगळा जीव तिच्यात. त्या फ्लॉप्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जायच्या. कपाटाला किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक सुरेखाकडे. तिसरी नव्हती, रेगे साहेबांनी मुद्दामच करून घेतली नव्हती. लोहचुंबकाने फ्लॉपी पुसली जाते हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते मी इतकं मनावर घेतलं की खोलीच्या दारावर लाल शाईने पाटी लावली, लोहचुंबक आत आणू नये. टेबलावरची टाचण्यांची चुंबकवाली डबीसुद्धा मी जप्त करून खाली पाठवून दिली होती.

त्या वर्षी एका बस कंपनीचं काम होतं, लांबच्या गाड्यांच्या आरक्षणाचं. दसऱ्यानंतर त्यांचे लोक बघायला येणार होते. ते काम जमलं तर कंपनी तरणार, नाहीतर मधल्या मजल्यावरची निम्मी माणसं घरी जाणार असं सगळे बोलत होते. काम आम्हा दोघींचं.

आमच्याकडे नवरात्रात खालच्या लॉबीत देवीचा फोटो मांडायचे. सगळा कारभार सावंतांचा. सावंत मधल्या मजल्यावर वायरिंग करायचे, मूळचे कणकवलीकडचे. रोज सुट्टीच्या वेळी आरती, आणि शेवटी खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा. आरतीसाठी मंडपवाल्याकडून भाड्याने स्पीकर यायचा, मागून उघडा असलेला लाकडी खोका. पहिल्या संध्याकाळी आरती झाली आणि सावंत खोका कवेत घेऊन उभे. "आता ह्यो खंय ठेवू? गेल्या वर्षी वायर चोरीक गेली."

"आणा इकडे," मी म्हटलं. "आमच्या कपाटात ठेवते. कुलपात."

सुरेखा हसायला लागली. "नलू, अगं भाड्याचा स्पीकर आहे, देवीचा मुकुट नाही."

"वॉचमन बघितलास ना कसा बघतो ते?"

"तो सगळ्याकडे तसाच बघतो. चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा."

पण मी ऐकते कसली! स्पीकरला हार होता, कुंकू लावलेलं होतं. मी तो फडक्याने नीट पुसला, धूळ नको म्हणून, चपला काढून आत नेला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात चालू कामाच्या फ्लॉप्यांच्या डबीला अगदी टेकवून उभा केला. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि समाधानाने घरी गेले. पुढे रोज आरतीनंतर हेच.

दुसऱ्या दिवशी फ्लॉप्या वाचता येईनात. मशीन नुसतं कुरकुरायचं आणि पडद्यावर चूक दाखवायचं. आदल्या दिवसाचं सगळं काम गेलं. होतं असं कधीतरी, आम्ही म्हटलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. चौथ्या दिवशी सुरेखा कपाळाला हात लावून म्हणाली, "वाट लागली यार." बस कंपनीचे लोक पंधरवड्यावर आले होते आणि आम्ही रोज काल केलेलं आज पुन्हा करत होतो. काम कागदावर छापलेलं असायचं, हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर. एकीने वाचायचं, दुसरीने टाइप करायचं. ती वाचायची, सावकाश, एकेक स्वल्पविराम सांगत. माझी बोटं गारठलेली असायची. आणि टाइप करता करता माझ्या मनात आलं, ही मुद्दाम चुकीचं तर वाचत नाही ना?

एकदा आलं की ते जात नाही. ती चहाला उठली की मी कागद ओढून तिने वाचलेलं तपासायचे. एकही चूक नसायची. त्यानेही संशय वाढायचा, इतकं बिनचूक कसं काय?

माझा हिशोब सरळ होता. कुलूप तुटलेलं नाही. किल्ल्या दोन. मी काही केलेलं नाही हे मला माहीत आहे. मग राहिलं कोण? शिवाय वरच्या कप्प्यातल्या जुन्या फ्लॉप्यांना काही होत नव्हतं, नेमक्या चालू कामाच्याच बिघडत होत्या. म्हणजे कुणीतरी माहितगार. आम्ही दोन-दोन प्रती काढायला लागलो. दुसरी प्रत कुठे ठेवायची? मी म्हटलं, अर्थात कपाटात, कुलूप तेवढंच आहे. तीही सकाळी गेलेली. तेव्हा सुरेखा म्हणाली, "आज एक दिवस बाहेर टेबलावर ठेवून बघू या ना फ्लॉप्या. कपाटातच काहीतरी असेल."

आणि मी काय विचार केला? अच्छा! आता हिला उघड्यावर पाहिजेत. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने परत तो विषय काढला नाही.

मग मला सगळंच दिसायला लागलं. ती दिवसातून सात-आठ वेळा हात धुवायला जायची. हातात काही नसताना कशाला? ती एका दुपारी रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या फाटकाशी उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, गावातला एक जण तिथे शिपाई आहे, त्याच्याकडे आईसाठी आज उशीर होईल असा निरोप दिला. असेलही. आणि ती टाकाऊ छापील कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून घरी न्यायची. सावंतांना विचारून न्यायची, रद्दीच होती ती. पण त्यावर आमचेच प्रोग्रॅम छापलेले होते.

अष्टमीच्या दुपारी रेगे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पडदा ओढला. बाहेरच्या माना वळलेल्या मला पाठीला जाणवल्या. साहेबांचा आवाज मऊ होता. "नलिनी, तुम्ही सावध बाई आहात. किल्ल्या दोनच. मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण तुम्हाला काही वेगळं दिसलं?"

तो मऊ आवाज ऐकून मला बाबांचं वाक्य आठवायला हवं होतं. नेमकं तेव्हाच आठवलं नाही. मी घाबरले होते. दोन किल्ल्यांतली एक माझ्या पर्समध्ये होती, आणि घरी बाबा खिडकीशी बसलेले होते. मी म्हटलं, "मी काही म्हणत नाही साहेब. पण ती छापलेले कागद घरी नेते. आणि परवा समोरच्या फाटकाशी उभी होती."

एक अक्षर खोटं बोलले नाही मी. तीच तर गोम आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मशीनला हळदकुंकू, प्रिंटरला झेंडूचा हार, सावंतांनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. सुरेखाच्या हातात पेढ्याच्या आधी नोकरीवरून काढल्याचं पत्र पडलं होतं. तिने मला किल्ली आणून दिली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती. म्हणाली, "घे. आता दोन्ही तुझ्याकडे. तू आहेस म्हणजे काम होईल बघ." मी किल्ली पर्समध्ये टाकली. जाताना तिने हात धुतले, सवयीने. संध्याकाळी मंडपवाला येऊन स्पीकर घेऊन गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फ्लॉप्या चालल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चालल्या. बस कंपनीचे लोक आले, बघून खूश होऊन गेले. "बघा, ती गेली आणि थांबलं," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. एवढा चोख पुरावा समोर असल्यावर कोण काय बोलणार?

तरी माझा स्वभाव. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मनोरीला गेले. भेटायला म्हणून; खरं म्हणजे बघायला, कागद जातात कुठे ते. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसले, खाडीचं पाणी चकाकत होतं, समोर काठीवर बोंबील वाळत घातलेले. सुरेखा मला बघून धावत आली. तिची आई ओट्यावर सुकी मासळी बांधत बसलेली होती, हिरव्या पट्ट्यांच्या कागदात. मी वाकून बघितलं. आमचाच प्रोग्रॅम, तिकीट रद्द करायचा भाग, आणि त्यात पावशेर जवळा. हे होतं समोरच्या कंपनीला विकलेलं गुपित. लाज वाटायला हवी होती. वाटली थोडी, पण लगेच मन म्हणालं, कागद म्हणजे काही सगळं नाही.

सुरेखाने चहा दिला, मांदेली तळून आणली. मग हळूच विचारलं, "कळलं का गं, कशाने होत होतं?"

"नाही."

"आता होतं?"

"नाही. तू गेल्यापासून..." मी जीभ चावली.

"हं," ती म्हणाली, आणि आपल्या हातांकडे बघत बसली. मी मनात म्हटलं, बघा. गुन्हेगार माणूस असाच बघतो.

त्यानंतर वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. तिने दुसरीकडे नोकरी धरली नाही, गावातल्या शाळेत छोट्या वर्गांना शिकवते, असं कानावर आलं. एवढी हुशार मुलगी दुसरीकडे अर्जसुद्धा करत नाही म्हणजे काय ते समजा, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचा ऑक्टोबर आला. तोच उकाडा, तीच आतली थंडी, तोच मंडपवाला. सावंत स्पीकर घेऊन उभे, मी तो पुसून कपाटात लावला. दुसऱ्या दिवशी फ्लॉप्या गेल्या. तिसऱ्या दिवशीही. आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या. रेगे साहेब जाता-येता माझ्या पर्सकडे बघायचे. वॉचमन माझा डबा जास्त वेळ धरून ठेवायचा. माझ्या शेजारी बसणारी नवी मुलगी मी चहाला उठले की माझे कागद तपासते, हे मला एकदा परत येताना काचेतून दिसलं. नजर ओळखीची होती. ती माझीच होती.

चौथ्या दिवशी आरतीच्या आधी सावंत वर आले. "स्पीकर घरघरता. जरा बघतंय." कपाटापाशीच त्यांनी खोका उलटा केला, मागची तार घट्ट करायला स्क्रू ड्रायव्हर पुढे नेला. तो त्यांच्या हातातून सुटला आणि खटकन जाऊन आत चिकटला. लोंबकळत राहिला.

"हे काय?" मी विचारलं.

"लोहचुंबक. ह्याशिवाय वाजतलो कसो? केवढो मोठो आसा बघा."

मी दाराकडे बघितलं. दारावर माझीच पाटी होती, लाल शाईतली. टाचण्यांची डबी जप्त करणारी मी! पण स्पीकर म्हणजे आरतीची वस्तू, हार घातलेली, कुंकू लावलेली. तिच्या पोटात काय आहे असा प्रश्न मला पडलाच नव्हता. जगात सगळ्यांवर संशय घेतला. राहून गेला तो एकटा स्पीकर. आणि मी स्वतः.

रेगे साहेबांना मी लगेच जाऊन सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "स्पीकर उद्यापासून सावंतांकडेच राहू दे. बाकी बोलू नका कुठे. झालं ते झालं, आता उकरून काय उपयोग? कंपनीचंच नाव खराब होईल." आवाज मऊ होता. या वेळी मला बाबांचं वाक्य वेळेवर आठवलं.

त्या रविवारी मी परत होडीत बसले. उकाडा होता, खाडीवर वारा नव्हता, आणि माझे हात बर्फासारखे गार पडले होते. सुरेखा ओट्यावर आईशेजारी बसून मुलांच्या वह्या तपासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्पीकरचं सांगितलं. मग कागदांचं आणि फाटकाचं साहेबांना कुणी सांगितलं, तेही सांगितलं. थांबले असते तर ते पोटातच राहिलं असतं, म्हणून एका दमात बोलले.

"ते तू सांगितलंस होय," ती म्हणाली. तोंड फिरवून ती धक्क्यावरच्या होड्यांकडे बघत राहिली. तिची आई कागदाची घडी हातात धरून तशीच थांबली होती. मला वाटलं आता ही मला हाकलेल. हाकलली असती तर बरं झालं असतं.

तिने वळून विचारलं ते मात्र वेगळंच. "म्हणजे नलू, माझ्या हातून नव्हतं ना झालं?"

"नाही गं. अजिबात नाही."

"मला वाटायचं, माझ्या हातांना मीठ असतं. सकाळी निघताना आईला सुकी मासळी भरू लागते ना मी. किती धुतले तरी जात नसेल, तेच लागून फ्लॉप्या खराब होत असतील. म्हणून परत मशीनला हातच लावला नाही." ती आपले हात उलटसुलट करून बघत होती, आणि आता ती रडत होती. "किल्ल्या दोनच होत्या ना. तू तर असणंच शक्य नव्हतं, भाड्याचा स्पीकरसुद्धा कुलपात ठेवणारी तू. मग राहिलं कोण?"